दोन मंडळ्यांचे वाद्य : ऑर्गन आणि ऑर्गनवादकाची कला

१

मराठी गवयास त्याची पट्टी विचारली असता तो ‘काळी एक’, ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी पाच’ असे उत्तर देतो. तंबोऱ्याखेरीज दुसऱ्या वाद्याला ज्याने आयुष्यात जवळ केले नाही, असा गवईही हेच उत्तर देतो. काही दिवसांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने ‘ह्यातील काळी हे विशेषण कोणाचे?’ असा प्रश्न विचारला, तेव्हा ह्या साध्या प्रयोगात केवढा इतिहास दडलेला आहे, ह्याची मला नव्याने जाणीव झाली. विशेषण स्त्रीलिंगी आहे, कारण त्याचे विशेष्य ‘पट्टी’ हे आहे. पट्टी म्हणजे मूळची लाकडाची अरुंद फळी. तीवरून बोटांनी दाबावयाची, पेटीच्या तोंडाशी बसविलेली फळी. आणि मग लक्षणेने त्या फळीतून निघणारा स्वर, म्हणजे गायकाचा षड्ज. ‘त्याची पट्टी उंच आहे’ असे म्हणताना आज कोणाच्याही डोळ्यांपुढे लाकूड येत नाही. षड्जाची उंची सांगण्यासाठी आपण जो संख्याक्रम वापरतो, तो युरोपीय स्वरपट्टावरील काळ्या-पांढऱ्या फळ्यांचा आहे. शास्त्रकारांनी ज्या वाद्याला दारात उभे केले नाही, त्याला भाषेने माजघरात नेऊन बसविले, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या स्वरपट्टाचे थोरले रूप, म्हणजे ऑर्गन, आणि विशेषेकरून ते वाजविणाऱ्याची कला हा आहे. मराठी प्रदेशात ऑर्गन दोन ठिकाणी नांदला : ख्रिस्ती उपासनेत आणि संगीत रंगभूमीवर. ह्या दोन्ही संस्थांना मराठीत एकच शब्द आहे. ख्रिस्ती उपासकांचा समुदाय म्हणजे ‘मंडळी’. बायबलच्या मराठी भाषांतराने हा शब्द रूढ केला. नाटके करणारा संघ म्हणजेही ‘मंडळी’. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी ही नावे वाचकांस परिचित आहेत. ह्या शब्दसाम्यावरून एका मंडळीने दुसरीकडून ऑर्गन घेतला, असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, दोन्हीकडे ऑर्गनवादकाची कला एकाच तत्त्वावर उभी आहे. ते तत्त्व म्हणजे दुसऱ्याच्या कंठास आधार देणे. ह्या कलेचे मोल वाद्याच्या उणिवांवरून ठरविण्याची जी सवय आपल्याकडे पडली, ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

२

‘ऑर्गन’ हा शब्द इंग्रजीवाटे मराठीत आला, हे त्याच्या आद्य स्वरावरूनच कळते. त्याचे मूळ ग्रीक ‘ओर्गानोन’ ह्या शब्दात आहे. त्याचा अर्थ साधन, उपकरण. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथांच्या संचास हेच नाव आहे. विचाराचे साधन आणि स्वराचे साधन अशा दोन्ही अर्थांनी हा शब्द युरोपात वावरला. पूर्वेकडे तो अरबी-फारसीत ‘अर्गनून’ ह्या रूपाने गेला. भारतातील एक जुना उल्लेख ह्याच रूपात सापडतो. हाजी हबीबुल्ला ह्याने गोव्याहून आणलेला ऑर्गन अकबराच्या दरबारात दाखविण्यात आला. हिजरी ९८८, म्हणजे इ. स. १५८०-८१ ह्या वर्षाच्या वृत्तांतात बदायूनीने त्याचे वर्णन केले आहे, ते माणसाच्या आकाराच्या एका मोठ्या पेटीचे. तीन शतकांनंतर मराठी माणसाने त्याच कुळातील एका लहान वाद्याला ‘बाजाची पेटी’ म्हटले. नवे वाद्य प्रथम पाहणाऱ्याच्या नजरेत भरते ते त्याचे लाकडी अंग, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

युरोपात ह्या वाद्याचा आरंभ देवळात झालेला नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबियस ह्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने हवा नियंत्रित करून नळ्या वाजविण्याची युक्ती काढली. रोमन काळात हे वाद्य जाहीर खेळांच्या वेळी वाजत असे. इ. स. ७५७ मध्ये बिझँटिन सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन ह्याने फ्रँकांचा राजा पेपिन ह्यास एक ऑर्गन भेट म्हणून पाठविला. तीही राजनैतिक भेट होती. ख्रिस्ती उपासनेत त्याने स्थान मिळविले ते त्यानंतर, हळूहळू. ‘ऑर्गन म्हणजे जन्मतःच चर्चचे वाद्य’ ही समजूत म्हणून बरोबर नाही. वाद्ये आपली घरे बदलतात, आणि घर बदलताना वाजविण्याची रीतही बदलते.

नळ्यांच्या ऑर्गनची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण वादकाच्या कलेचे रहस्य तिच्यात आहे. भात्याने साठविलेली हवा एका पेटीत कोंडलेली असते. पट्टी दाबली की तिच्या नळीचे झाकण उघडते आणि नळी बोलू लागते. प्रत्येक नळी एकच स्वर आणि एकच स्वरगुण देते. निरनिराळ्या स्वरगुणांच्या नळ्यांच्या रांगा असतात, आणि कोणती रांग चालू ठेवावयाची हे वादक खुंट्या ओढून ठरवितो. हातांसाठी एकाहून अधिक स्वरपट्ट असतात. मंद्र स्वरांसाठी पायांचाही स्वतंत्र पट्ट असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पियानोवर पट्टी जोराने दाबली तर स्वर मोठा होतो. ऑर्गनवर होत नाही. बोट हळू पडो वा जोरात, नळी तेवढ्याच ताकदीने बोलते. तारेचा स्वर विरत जातो, तसा हा विरतही नाही. पट्टी सोडेपर्यंत तो अखंड राहतो. म्हणजे बोटाच्या आघाताने स्वरास लहानमोठे करण्याचे साधन वादकाच्या हाती नाही. त्याच्या हाती उरतो तो काळ. पट्टी केव्हा दाबली ह्याइतकेच ती केव्हा सोडली, दोन स्वरांमध्ये किती सूक्ष्म फट ठेवली, ह्यांवर त्याच्या वादनातील भाव अवलंबून असतो.

नळ्यांचा ऑर्गन अवाढव्य, महाग आणि इमारतीस जखडलेला. दमट हवा आणि वाळवी हे त्यातील लाकडाचे व चामड्याचे शत्रू. लहान चर्चे, शाळा आणि घरे ह्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकात दुसरे वाद्य पुढे आले. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ ह्याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केला. त्यात नळ्यांऐवजी धातूच्या पातळ जिभा असतात, त्यांनाच आपण ‘सूर’ म्हणतो. अमेरिकेतील कारागिरांनी हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढून घेणारा भाता योजला. त्यामुळे जिभांचा आवाज अधिक मृदू व गोल झाला. बॉस्टनची मेसन अँड हॅमलिन, ब्रॅटलबरोची एस्टी ह्या कंपन्यांनी असे ऑर्गन फार मोठ्या संख्येने तयार केले. मराठीत आपण ज्याला ऑर्गन म्हणतो तो बहुधा हाच होय. त्याचे दोन भाते पायांनी चालतात, खुंट्या ओढून स्वरगुण बदलता येतो, आणि गुडघ्यांनी बाजूस रेटावयाच्या दांड्यांनी आवाज कमीजास्त करता येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आपल्या हातपेटीत एक हात भात्यात अडकलेला असतो. हा भेद किरकोळ नव्हे. पुढील सर्व विवेचनाचा तो आधार आहे.

३

पुण्यातील सेंट मेरी चर्च १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर ह्यांच्या हस्ते अर्पण झाले. हेबर हे स्वतः इंग्रजी भक्तिगीतांचे नामवंत कर्ते होते. पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीस त्यांचा अंत झाला. लष्कर भागातील ह्या उपासनेची भाषा इंग्रजी. शहराच्या पेठेत, पंचहौद येथे, पवित्र नाम देवालय उभे राहिले ते १८८५ मध्ये, आणि तेथे मराठी उपासनेची परंपरा रुजली. एकाच नगरीत अशी दोन भाषांची उपासना चालू असल्यामुळे ऑर्गनवादकाच्या कामाचा विचार पुण्यात विशेष बोधप्रद ठरतो.

हे काम कोणते? गीताच्या आरंभी चालीची एखादी ओळ वाजवून वादक मंडळीस स्वर आणि लय देतो. त्यानंतर शेकडो अशिक्षित कंठ एकत्र धरून ठेवणे हे त्याचे खरे कर्तव्य. मोठ्या दगडी इमारतीत मंडळीचा आवाज वादकाच्या कानी किंचित उशिरा पोहोचतो. त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवून घेऊ लागला, तर गीत कडव्यागणिक मंदावत जाते. म्हणून त्याला कानावर विसंबून चालत नाही. मनातील लयीवर विसंबून तो मंडळीच्या रेसभर पुढे राहतो. ओळीच्या शेवटी तो बोटे उचलतो, आणि त्या क्षणभराच्या शांततेत सर्व मंडळी एकदम श्वास घेते. वाद्याला श्वास घ्यावयाचा नसतो. तरीही ते श्वास घेते, कारण गाणाऱ्यांना तो घ्यावयाचा असतो. विधीमध्ये मोकळा वेळ आला की तो आयत्या वेळी स्वररचना करून तो भरून काढतो आणि पुढील गीताच्या स्वरावर येऊन थांबतो. फ्रान्समधील सेझार फ्रांक ह्यांची थोरवी त्यांच्या लिखित रचनांइतकीच अशा आयत्या वेळच्या वादनावर उभी होती.

मंडळी आणि वादक ह्यांच्या नात्यातील ताण दाखविणारा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. योहान सेबास्टियन बाख हा तरुण वयात आर्नस्टाट येथे ऑर्गनवादक होता. १७०५ साली चार आठवड्यांची रजा घेऊन तो ल्यूबेक येथे बुक्स्टेहूड ह्या थोर वादकाचे वादन ऐकावयास गेला आणि सुमारे चार महिन्यांनी परतला. १७०६ च्या फेब्रुवारीत चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्यास जाब विचारला, तो केवळ रजेबद्दल नव्हे. भक्तिगीतांच्या साथीत तो विलक्षण फेरफार करतो, परके स्वर मिसळतो आणि त्यामुळे मंडळीचा गोंधळ उडतो, असा त्याच्यावर ठपका होता. बाखची प्रतिभा आज सर्वमान्य आहे; परंतु त्या दिवशी मंडळीचीही तक्रार खोटी नव्हती. वादकाजवळ कितीही असले, तरी गाणाऱ्यास पेलेल एवढेच त्याने द्यावयाचे असते. ह्याचे अचूक माप कळणे हा ह्या कलेचा गाभा होय.

मराठी उपासनेत ह्या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. इंग्रजी पद्याचा पाया आघातावर आहे. आघातयुक्त आणि आघातहीन अक्षरे एकाआड एक येतात, आणि चालीतील ठळक ठोका आघातयुक्त अक्षरावर पडतो. मराठी पद्यात आघाताला असे नियामक स्थान नाही; तेथे अक्षरसंख्या वा मात्रा प्रमाण. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसविले की ठोका पुष्कळदा प्रत्ययावर जाऊन पडतो; ‘प्रभूचा’ ह्या शब्दातील वजन ‘चा’ वर येते. दुसरी अडचण अन्त्य अकाराची. बोलताना ‘देव’ हा शब्द एकाच अक्षराइतका उच्चारला जातो, ‘प्रकाश’ दोन अक्षरांइतका. गाताना मात्र शेवटचा ‘अ’ पुन्हा जिवंत होतो व एक स्वर मागतो. हा ‘अ’ किती लांबवावयाचा हे छापलेल्या स्वरलेखनात नसते. ते वादकाने मंडळीच्या जिभेवरून ओळखावयाचे असते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्या कार्याचे महत्त्व ह्या संदर्भात नीट कळते. १८९५ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केल्यानंतर त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंग आणि पदे ह्या घरच्या रूपांत आणली. इंग्रजी भक्तिगीतांचे एक सर्वसाधारण वृत्त ८, ६, ८, ६ अक्षरांचे; मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६, ४ अक्षरांचे. चौथ्या आखूड चरणानंतर जी मोकळी जागा राहते, ती अभंगाची विश्रांती. पाश्चात्त्य पद्धतीने चार आवाजांचे स्वरमेळ ठोक्याठोक्याला बदलत गेले, तर प्रत्येक अक्षरास सारखेच वजन येते आणि अभंगाचा झोक मोडतो. म्हणून जाणता वादक येथे हात आवरतो. डावा हात षड्ज-पंचम धरून बसतो, उजवा चाल तेवढी वाजवितो, आणि चौथ्या चरणानंतरची जागा तो स्वरांनी बुजवून टाकीत नाही. ‘उपासनासंगीत’ ह्या संग्रहात दोन्ही प्रकारची गीते एकत्र नांदतात. त्यामुळे एकाच उपासनेत, एकाच बाकावर बसून, वादकाला दोन भाषांच्या दोन लयींची सेवा करावी लागते. हे काम पाट्या टाकणाऱ्याचे नव्हे.

४

पंचहौदाचे देवालय उभे राहण्यापूर्वी पाचच वर्षे, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग झाला. आरंभीच्या संगीत नाटकांच्या साथीत ऑर्गन नव्हता. तो रंगभूमीचा अविभाज्य भाग झाला तो पुढे, विशेषतः गंधर्व नाटक मंडळीच्या काळात. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांनी १९१३ साली ही मंडळी काढली. तिच्या वैभवाच्या काळात ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असा साथसंच बसत असे. टेंबे (१८८१–१९५५) स्वतः हातपेटीचे श्रेष्ठ वादक व ‘मानापमाना’चे संगीतकार, स्वरपट्टाच्या वाद्यास मराठी कानांत प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

रंगभूमीस ऑर्गन का रुचला असावा? ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात भरलेल्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वराचा आधार पोहोचविणे आवश्यक होते. ऑर्गनचा स्वर अखंड. त्याला दोन्ही हातांचे बळ. आणि आत ओढलेल्या हवेमुळे त्याचा आवाज पेटीपेक्षा गोल. गायकाच्या कंठाखाली तो गालिच्यासारखा पसरतो आणि कंठाशी भांडत नाही. सारंगी स्वराला बिलगते, ऑर्गन त्याला उचलून धरतो. दोन्ही असल्या तर उत्तमच.

परंतु वाद्याच्या गुणांपेक्षा वादकाची युक्ती मोठी. नाटकात नट गद्य बोलत असतो आणि त्याच भावनेच्या ओघात त्याला पदावर यावयाचे असते. त्याच्या शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनवादक हलकेच षड्ज सरकवितो. तो फार लवकर आला तर संवाद बुडतो, उशिरा आला तर नट पट्टी शोधीत राहतो. म्हणजे वादकास केवळ पदे नव्हे, तर सगळे नाटक पाठ असावे लागते, आणि त्या रात्री नट कोणत्या वेगाने बोलत आहे हेही जोखावे लागते. पद सुरू झाले की तो गायकाच्या किंचित मागे राहतो. गायक कोणत्या जागेकडे वळणार हे त्याला ठाऊक असते, पण तो आधी पोहोचत नाही. गायकाने श्वास घेतला की मघाच्या सुरावटीचे शेपूट तो अलगद पुन्हा म्हणतो आणि पोकळी भरून काढतो. ह्यालाच ‘भरणे’ म्हणतात. ‘वन्समोअर’ झाला की गायक तेच पद नव्या अंगाने म्हणतो, आणि वादकाला तेच भरणे दुसऱ्यांदा चालत नाही. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकाव्यात. कंठाच्या मागे ऑर्गनची ही हालचाल त्या जुन्या तबकड्यांतूनही कानी पडते.

येथे दोन्ही मंडळ्यांची तुलना करून पाहू. चर्चमधील वादक गाणाऱ्यांच्या पुढे असतो. रंगभूमीवरील वादक गाणाऱ्याच्या मागे. एक अनेकांना एका लयीत बांधतो, दुसरा एकाला मोकळे सोडतो. एकाची विद्या स्वरमेळाची, दुसऱ्याची रागाची. तरीही दोघांची कसोटी एकच आहे : गाणे संपल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात गाणे राहिले पाहिजे, वाद्य नव्हे. दोघेही प्रायः नजरेआड बसतात. एक मंडळीच्या पाठीमागील सज्जात किंवा कोपऱ्यात, दुसरा रंगमंचाच्या पायथ्याशी किंवा विंगेच्या आडोशाला. कदाचित म्हणूनच इतिहासकाराच्या नजरेतूनही दोघे निसटले.

ही परंपरा पुढे चालू राहिली. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) ह्यांनी पेटी आणि ऑर्गन ह्या दोन्हींवर नाट्यसंगीताची साथ दीर्घकाळ केली, आणि त्यांच्या साथीतील संयमाचा जाणकार आजही आदराने उल्लेख करतात. गोमंतकातील बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) हे मधुकर पेडणेकर ह्यांचे शिष्य. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. साथीदारास असा सन्मान मिळणे ही विरळा गोष्ट होय.

५

आता आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. स्वरपट्टाच्या वाद्यात सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. सप्तक १२०० सेंटांचे मानले, तर षड्जापासून नैसर्गिक शुद्ध गांधार सुमारे ३८६ सेंटांवर येतो आणि वाद्यातील गांधार ४०० वर. तंबोऱ्यात आपोआप उमटणाऱ्या गांधाराहून तो सुमारे १४ सेंट चढा, आणि संवेदनशील कानास तो खुपतो. शिवाय पट्टीवर मींड निघत नाही. हे दोष दूर करण्याचा प्रयत्न ह्याच प्रदेशात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स ह्या मुलकी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुती-हार्मोनियम तयार करविले. अब्दुल करीम खाँ ह्यांचेही त्या संशोधनात साहाय्य होते. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत त्यावर वाद झाला. वाद्य मात्र प्रचारात आले नाही.

पुढे आक्षेपाने बंदीचे रूप घेतले. रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात पेटीस मज्जाव केला होता. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरील इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स ह्यांनी १९३८ मध्ये तीवर कडक टीका लिहिली, आणि लायनेल फील्डन प्रमुख असताना १ मार्च १९४० पासून पेटी आकाशवाणीवरून हद्दपार झाली. स्वातंत्र्यानंतरही बंदी उठली नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ ह्या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते, तेव्हाही ती कायम होती. ती सैल झाली १९७१ मध्ये. ‘विदेशी वाद्य’ म्हणून जिला नाकारले गेले, तिच्याविरुद्धचे अभियान चालविण्यात विदेशी अधिकारी पुढे होते, ही ह्या प्रकरणातील विसंगती नोंदवून ठेवण्याजोगी आहे. आणि बंदीच्या त्या एकतीस वर्षांतही गवयांची ‘काळी चार’ ही ‘काळी चार’च राहिली.

माझ्या मते ह्या वादात एक पक्ष बोललाच नाही, तो वादकाचा. आक्षेपकांनी वाद्य मोजले आणि सुधारकांनी वाद्य बदलू पाहिले. वादकाने ह्या दोन्हींहून निराळे उत्तर शोधले होते. गायक कोमल गांधारावर आंदोलन घेत असेल, तर चांगला ऑर्गनवादक तो गांधार दाबून धरीत नाही. तो षड्ज-पंचमावर थांबतो आणि गांधाराची जागा गायकास मोकळी सोडतो. मींडेच्या दोन टोकांपैकी ज्यावर गायक विसावणार, तेथेच तो येऊन मिळतो. जो स्वर खुपेल त्याला तो ओझरता स्पर्श करतो, आणि निर्दोष स्वरांवर रेंगाळतो. ऑर्गनवादकाच्या हाती केवळ काळ असतो असे आरंभी म्हटले, त्याचा अर्थ येथे स्पष्ट व्हावा. स्वरातील उणीव तो काळाने झाकतो. वाद्याला जे साधत नाही ते कोठे आहे हे ओळखून तेथे गप्प राहणे, ही त्याची विद्या होय. अभंगाच्या चौथ्या चरणानंतर हात आवरणारा चर्चमधील वादक आणि कोमल गांधारापाशी हात आवरणारा रंगभूमीवरील वादक हे येथे एकमेकांस भेटतात. सेंटांच्या हिशेबात ही विद्या बसत नाही, म्हणून ती नाही असे ठरत नाही.

६

हा विषय केवळ गतकाळाचा नाही. पायांनी चालणारे ऑर्गन तयार करणाऱ्या परदेशी कंपन्यांचा काळ सरला. एस्टी कंपनी १९६० च्या सुमारास बंद झाली. आज मराठी नाट्यसंगीतात जे जुने ऑर्गन वाजतात, ते जपून व दुरुस्त करून चालविलेले आहेत. अनेक चर्चांत त्यांची जागा विजेच्या वाद्यांनी घेतली आहे. त्यात वाईट काही नाही. वाद्ये घरे बदलतात, तशी शरीरेही बदलतात. काळजी वाटते ती निराळी. वाद्य संग्रहालयात ठेवता येते. परंतु कोणत्या वाक्याखाली षड्ज सरकवावयाचा, मंडळीच्या किती पुढे राहावयाचे, कोणता स्वर वाजवावयाचा नाही, हे ज्ञान लिहिलेले नाही. ते वादकाच्या हातांत असते आणि त्याच्याबरोबर जाते.

भाषेच्या अभ्यासकास येथे करण्याजोगे काम आहे. सूर देणे, सूर धरणे, भरणे, मागे राहणे, जागा सोडणे, उचलणे ही क्रियापदे साथीदारांच्या बोलण्यात पारिभाषिक अर्थाने येतात. त्यांचा कोश झालेला नाही. मराठी उपासनेतील वादकांच्या बोलण्यातील शब्द ह्याहून अधिक दुर्लक्षित आहेत. दोन्हीकडील शब्द शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही मंडळ्यांनी एकच अनुभव कोणत्या शब्दांत सांगितला हे समजेल. ह्यासाठी आधुनिक उपकरणांपेक्षा अधिक गरज आहे ती वृद्ध वादकांसमोर बसून, त्यांना वाजवावयास सांगून, मध्ये थांबवून ‘येथे बोट का उचलले?’ असे विचारण्याची.

नाट्यसंगीतावर किंवा उपासनागीतांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. नाटकाचा प्रयोग किंवा उपासनेचा प्रसंग नोंदविताना तारीख, स्थळ, गायक आणि गीत आपण टिपतोच. त्याच ओळीत ऑर्गनवर कोण होते हेही टिपावे. नाव मिळाले तर वाजविण्याची रीत विचारता येते, रीत कळली तर शब्द सापडतात. एवढा एक रकाना आपल्या टिपणवहीत वाढला, तर पुढच्या अभ्यासकास हा इतिहास ह्याहून पुष्कळ नीट लिहिता येईल.